दूध वाढलं

"बोला."

जामखेडच्या दूध शीतकरण केंद्रात सकाळपासून एलियाचा आवाज एवढंच म्हणत होता. एलियाला जाऊन वर्ष होत आलं होतं.

गावोगावच्या दुधाच्या नोंदी घेणारा इथला प्रोग्राम त्यानंच लिहिलेला. गाव जोडलं गेलं की त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज म्हणायचा, "बोला." गावानं नोंदी पाठवायच्या, शेवटी 'संपलं' लिहायचं, मग इकडून 'पोहोचलं' जायचं. त्याच्याशेजारी बसून बसून त्याची बायको कृपा हे शिकली आणि आता त्याच्याच खुर्चीत बसत होती. खुर्चीची उंची तिनं बदलली नव्हती. पाय लोंबकळत, तर लोंबकळू देत.

आज एक गाव अडकलं होतं. कॉम्प्युटर त्याला सोडेना, त्याच्यामागे बाकीची गावं खोळंबली. जरा वेळ गेला की पुन्हा, "बोला."

चेअरमन आबासाहेब दारातच उभे राहिले. "वहिनी, माणसं आत यायला भितात. टँकर यायच्या आत सुरू झालं तर ठीक, नाहीतर आज हे पुसून नवीन टाकू."

पुसायचं म्हणजे आवाजासकट. एलियाचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. तो काढून घ्यायचा, तर त्यानं तो प्रोग्रामच्या पोटात असा शिवला होता की कृपाला टाका सापडत नव्हता.

तिनं त्या अडकलेल्या गावाला फोन लावला. तिथून नोंदी पाठवणारा भागवत ऊसतोडीला गेलेला, म्हणून त्याची आई बायडाबाई कॉम्प्युटरवर बसे.

"मावशी, नोंदी पाठवल्या?"

"कवाच! हितं नुसतं चाक फिरतंय. तुजं मशीन उत्तर देईना."

"ते तुमची वाट बघतंय, तुम्ही त्याची. शेवटी 'संपलं' लिहिलं का?"

"न्हाई बया! सकाळच्या पारी दुधाला संपलं म्हनत्यात व्हय? मी 'वाढलं' लिवलं."

"अहो, मशीनला कुठला आलाय अपशकुन!"

"मशीनला नसंल. पर तू तरी कुटं म्हनतीस? आजून 'ते बाहेर गेलेत' म्हनतीस नव्हं लोकांना?"

मागून आवाज आला, "बोला."

कृपानं 'वाढलं'ही चालेल असं प्रोग्रामला शिकवलं आणि तो पुन्हा चालू केला. बायडाबाईंचं दूध पोहोचलं, मागची गावं भराभर मोकळी झाली. पण उद्या एखाद्या गावाची वीज मध्येच गेली, की पुन्हा हेच. किती वेळ वाट बघायची, त्या रकान्यात एलियानं शून्य घातलं होतं. शून्य म्हणजे वाट बघत राहायचं, आपण होऊन कधीच ठेवायचं नाही.

तसाच होता तो. फोनवर "बरं, ठेवतो मग" म्हणायचा, आणि ती "ठेवा" म्हणेपर्यंत ठेवायचा नाही.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. कृपानं शून्य खोडून एक मिनिट घातलं. बघावं म्हणून दुसरा कॉम्प्युटर जोडला आणि त्याची वायर मध्येच उपसली.

"बोला."

कुणीच बोललं नाही.

"बोला."

मग स्पीकर खरखरला, आणि जे तिनं या खोलीत आजवर कधीच ऐकलं नव्हतं ते आलं, "बरं, ठेवतो मग."

जोडणीचा हिरवा दिवा मात्र तसाच जळत राहिला. आणखी एक मिनिट उलटून गेलं तरी विझेना. आबासाहेब दारातून दोन पावलं मागे सरकले.

कृपा तोंडाला पदर लावून बसली. मग तिनं पदर सोडला.

"ठेवा," ती म्हणाली.

दिवा विझला.