भिंतीपलीकडचं हसू

इंग्लंडातल्या श्रॉपशरमधल्या आमच्या गल्लीत घरं जोडीजोडीनं बांधलेली, दोन घरांत मिळून एकच भिंत. तीही इतकी पातळ की पलीकडच्या ऑरमरॉडनं चमचा पाडला तर इकडे मी दचकायची. पण ऐकू आलं तरी ऐकू आलं नाही असं दाखवायचं, ही इथली रीत. आम्ही दोन्ही घरांनी ती वर्षानुवर्षं पाळली.

माझा नवरा एडविन रोज चहाच्या वेळी मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. लेखक ठरलेला, थिओबाल्ड क्रम्ब. पाद्रीबुवांचं बदक हरवतं आणि फुलांच्या प्रदर्शनात कुणाच्या तरी टोपीत सापडतं, असला सगळा खुळेपणा.

"तीच ती पुस्तकं! कंटाळा कसा येत नाही रे तुला?" मी म्हणायची.

"हेस्टर, यात कुणी मरत नाही आणि हरवलेलं सापडतं. आणखी काय हवं?"

मग पुढच्या पानावर मीच आधी हसायची.

मागच्या शरदात तो गेला. बदकाचं पुस्तक अर्ध्यात राहिलं. ते उघडायला माझा हात धजेना.

आणि मग भिंतीतून हसू यायला लागलं. रोज चहाच्या वेळी. आधी नुसती फुसफुस, मग खो-खो. भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं, भिंत दात काढते हे नव्हतं! ऑरमरॉड हसतोय म्हणावं, तर तो एकटा, आंबट तोंडाचा माणूस. सामाईक कुंपणावरून माझ्याशी भांडण्यापलीकडे त्याला काही येतं असं मला कधी वाटलं नाही. तेव्हा हा एडविनच, अशी माझी खात्री झाली. मी इथं झुरतेय आणि हा मेला भिंतीत बसून हसतोय! भीती वाटायची, त्याहून जास्त संताप यायचा. शेवटी घर विकायचं ठरवलं आणि फाटकाशी तशी पाटी लावली.

त्याच दुपारी ऑरमरॉड दारात उभा. टोपी हातात.

"बाई, कुंपणाबद्दल यापुढे चकार शब्द काढणार नाही. पण घर विकू नका."

"का हो? भांडायला कुणी उरणार नाही म्हणून?"

तो कानापर्यंत लाल झाला. "वाचन बंद पडेल. म्हणजे, मी मुद्दाम नाही ऐकत. माझी खुर्चीच भिंतीला लागून आहे."

"कसलं वाचन?"

"तुमच्या मिस्टरांचं. रोज टेप लावता ना त्यांची? काल पाद्रीबुवा बदकामागे धावता धावता तळ्यात पडले. हसून हसून माझा चहा सांडला हो."

"कसली टेप! त्याच्या आवाजातला एक शब्द नाही माझ्याकडे," मी म्हटलं आणि दारातच मला रडू फुटलं. "मला नुसतं तुमचं हसू ऐकू येतं."

आता त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

तो आवाज एकदा, फक्त एकदा ऐकायला मिळावा, दुसरं काही नको होतं मला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी ऑरमरॉडच्या खुर्चीत, कान भिंतीला लावून बसले. चहा गार झाला. भिंत गप्प.

"भास झाला असेल तुम्हाला," मी चिडून म्हटलं.

"तसं नाही, बाई," तो हळूच म्हणाला. "ते वाचतील कुणासाठी? ऐकणारी इथं येऊन बसलीय."

मी उठले ती कोटसुद्धा न घालता घरी धावले. माझ्या खुर्चीत बसले, पुस्तक उघडलं, तळ्याचं पान शोधलं. त्यापुढे पाद्रीबुवा डोक्यावर शेवाळ घेऊन उठतात आणि बिशपना नमस्कार करतात. माझ्या कानावर काही नाही, घड्याळाची टिकटिक तेवढी. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले.

भिंतीतून फुसफुस आली. मी पान उलटलं.

फाटकाची पाटी ऑरमरॉडनंच उपटली, मला विचारलंही नाही. पुस्तक आता माझ्या मांडीवर असतं. एडविनचा आवाज मला अजून ऐकू येत नाही. रोज म्हणते, "जरा मोठ्यानं वाच ना रे, म्हातारी झालेय मी."

पलीकडे ऑरमरॉड हसतो. म्हणजे एडविननं काहीतरी उत्तर दिलेलं असतं.