अंगठ्यातलं भोक

मी एक जुना रबरी हातमोजा आहे, उजव्या हाताचा. विट्याजवळच्या एका साखर कारखान्यात, विजेच्या खोलीतल्या कपाटात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात. मी होणार नाही. मला राग आलेला आहे.

मला घडवल्यावर पाण्यात बुडवून माझ्यातून वीज जाते का ते तपासलं. जात नाही, असा शिक्का माझ्या मनगटावर बसला. इथं आलो तेव्हा पलटणीतून निवृत्त झालेले हंबीरराव वायरमन होते. रोज सकाळी ते माझं मनगट गुंडाळत आत हवा कोंडायचे आणि मला कानाशी धरायचे. "आवाज आला की मोजा मेला, गड्या," म्हणायचे. मेलेला मोजा ते तिथल्या तिथं कात्रीनं कापून टाकायचे. त्यांच्या हाताखाली मी राबलो, तेवढेच माझे चांगले दिवस.

ते गेले, सयाजीराव सुपरवायझर झाले आणि मला कुलूप लागलं. "भारीतला माल हाय, वापरून खराब करू नगा," हा त्यांचा हुकूम. मग रबर कशाला आणलंत, शोभेला? दर जानेवारीत सुरक्षा प्रशिक्षण व्हायचं. वीस मिनिटं भाषण, मग चहा-भडंग, मग मला घालून फोटो आणि कागदावर सगळ्यांच्या सह्या. मोजा हवा भरून तपासा, असं त्याच कागदावर छापलेलं असायचं. सही करण्याआधी तो कागद वाचताना मी फक्त एकीला पाहिलं. ती म्हणजे आयटीआय करून नवीन लागलेली मंगल.

यंदा खंडेनवमीला पक्कड, टेस्टर, पाने यांच्या रांगेत मलाही पाटावर मांडलं. हळदकुंकू वाहिलं. झेंडूची माळ सारखी घसरत होती, म्हणून सयाजीरावांनी ती टाचणीनं माझ्या अंगठ्यात टोचून बसवली. आणि वर हात जोडले! ज्याच्या भरवशावर माणूस विजेला हात घालणार, त्यालाच भोक पाडून नमस्कार! मला तोंड असतं तर मी ती आरती बंद पाडली असती.

पंधरा दिवसांनी गाळप हंगाम सुरू करायचं मोळीपूजन होतं. पाहुणे ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी जमले आणि नेमका पॅनलमधला फ्यूज उडाला. तानाजी वायरमन मेन स्विच बंद करायला निघाला.

"आरं, बंद कशाला करतोस? चेअरमन उभं हायती. मोजं घाल आनि चालू लाइनीवरच बदल," सयाजीराव खेकसले.

तानाजीनं मला हातात चढवलं. त्याच्या अंगठ्याचा घाम मला भोकापाशी लागत होता. त्याच्या घरी दोन लेकरं आहेत. मी नुसता चरफडत होतो.

"दादा, थांबा," मंगल म्हणाली. "हवा भरून बघितलासा का?"

"पूजेतला मोजा हाय त्यो. त्याला काय हुतंय?" सयाजीराव म्हणाले.

तिनं मला तानाजीच्या हातातून ओढून काढलं, मनगट गुंडाळलं आणि माझा अंगठा थेट सयाजीरावांच्या गालाला लावला. सूं करून हवा निघाली.

"आता तुमी घाला, सायेब. आनि तुमीच बदला फ्यूज."

सयाजीरावांनी गाल पुसला आणि गुमान जाऊन मेन स्विच बंद केला. चेअरमन दहा मिनिटं उन्हात उभे राहिले. कुणी मेलं नाही.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. मंगलनं कात्री मागितली. "ऱ्हाऊ दे," सयाजीराव म्हणाले, "जानेवारीत फोटोला जोडी लागती." आणि त्यांनी मला पुन्हा कपाटात ठेवलं. तोच शिक्का, तीच जागा.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. मंगल कामावर नसेल त्या दिवशी कुणीतरी घाईत हे कपाट उघडेल. टाचणीचं भोक त्याला दिसणार नाही, शिक्का तेवढा दिसेल. मला जपू नका. कात्री आणा आणि कापा मला, आजच!