घंटी थांबल्यावर

ओरेस्ते कोंबडीवाला संध्याकाळी ब्रीना कुत्रीला न्यायला येणार होता. खाली सपाटीवर त्याची खुराडी होती, तिथं कोल्हे फार झाले होते, आणि साखळीला बांधायला त्याला एखादं कुत्रं हवंच होतं. ब्रीनासारखी लांब केसांची, पिढ्यान्‌पिढ्या रानात पक्षी हुंगत आलेल्या जातीची कुत्री खुराड्यापाशी बांधायची म्हणजे रेशमाचं पोतेरं करायचं. तिच्या मालकाला, फोस्कोला, हे कळत होतं, पण वाईट मात्र वाटत नव्हतं.

एप्रिलमध्ये त्याची बायको नेविया गेली, तेव्हापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. गावातल्या बायका सांत्वनाला आल्या, पोटभर रडून गेल्या. यानं त्यांना कॉफी करून दिली आणि कप विसळून ठेवले.

सकाळी नेवियाचा धाकटा भाऊ ईवो दार ढकलून आत आला.

"दाजी, उठा! उत्तरेचा वारा सुटलाय. राणी उतरली असणार रानात."

राणी म्हणजे लांब चोचीची, वाळक्या पानांच्या रंगाची पाखरं. थंडीच्या पहिल्या झोताबरोबर ती डोंगरात उतरतात आणि नेच्यांच्या आड अशी दबून बसतात, की पायाखाली येईतो दिसत नाहीत. म्हणून तर कुत्रं लागतं. कुत्र्यानं वास धरायचा आणि मालक येईपर्यंत जागच्या जागी थिजून उभं राहायचं. भुंकायचं नाही, झेपायचं नाही. ब्रीनाचं नाक सोन्यासारखं होतं, पण थांबणं तिला ठाऊक नव्हतं. गेल्या सालचा सगळा पानगळीचा हंगाम तिच्यामागे हिंडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ठरलं होतं.

"तूच ने तिला," फोस्को म्हणाला.

"मी कशाला नेऊ? कुत्री तुमची आहे."

"संध्याकाळपर्यंतच."

"मग संध्याकाळपर्यंत तरी मालकासारखे वागा. आज थांबली, तर ओरेस्तेला हात हलवत परत पाठवायचं. नाही थांबली, तर मीच तिला त्याच्या गाडीत चढवीन. कबूल?"

"कबूल." फोस्कोला तेवढा एक शब्द सोपा गेला, एवढंच.

चढण चढताना ईवोनं विचारलं, "घरी वाडग्यापाशी थांबवता ना तिला? ताई थांबवायची तशी?"

"थांबवतो की."

हे साफ खोटं होतं. शेवटच्या हिवाळ्यात नेविया चुलीशेजारी खुर्चीत बसून असायची, गुडघ्यांवर घोंगडी. लहानग्या ब्रीनाचा वाडगा समोर ठेवायची आणि तळहात उभा धरायची. पिलू थरथरायचं, लाळेच्या तारा लोंबायच्या, पण हात खाली येईपर्यंत हलायचं नाही. मग नेविया म्हणायची, "ये माझे बाई, गिळ एकदाचं!" फोस्कोला दर वेळी हसू यायचं. आता तो वाडगा ठेवायचा आणि पाठ फिरवायचा. कुत्री खायची, नाही तर नाही खायची.

बीच वृक्षांच्या रानात ईवोनं तिच्या गळ्यात घंटी बांधली आणि तिला सोडलं. दाट रानात कुत्रं दिसत नाही, घंटीच ऐकायची. घंटी थांबली की ते पाखरावर थिजलंय. गेल्या साली ब्रीनाची घंटी थांबायची आणि दुसऱ्याच क्षणी वेड लागल्यासारखी खणखणायची. गेली झेप, उडालं पाखरू.

यात सगळा दोष कुत्रीचाही नव्हता. फोस्को म्हणजे जन्माचा उतावळा. घंटी थांबली की धाडधाड फांद्या मोडत धावायचा, आणि त्याची घाई कुत्र्यांच्या अंगात शिरायची. "पाखरू तुम्हीच धरा दातात," असं नेविया त्याला चिडवायची.

घंटी थांबली.

ईवोनं त्याचं कोपर घट्ट धरलं. "हळू. दाजी, अगदी हळू!"

सांगायची गरज नव्हती. फोस्को चालायला लागला तो पोस्टात निघाल्यासारखा. छातीत धडधड नाही, हाताला घाम नाही. घंटी पुन्हा वाजली नाही. एका पडलेल्या ओंडक्यापलीकडे ब्रीना उभी होती, पुढचा पाय उचललेला, शेपटी ताठ. पाऊल ऐकून तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदाच मागे बघितलं. येणाऱ्या माणसाला कसलीच घाई नव्हती, म्हणून तीही थांबली.

आपल्यात काही उरलं नाही म्हणून ही शिकली, हे फोस्कोला तिथं कळलं. पाखरू फडफडत सरळ वर उठलं, फांद्यांमधून वळलं आणि दरीत उतरलं. बंदूक खांद्यालाच राहिली.

"अहो, मारा की!" ईवो मागून ओरडला. "पहिलं पाखरू तिच्या तोंडात द्यायचं असतं! मातीत घातलंत सगळं!"

मग त्यानं ब्रीनाकडे बघितलं. पाखरू गेलं तरी ती पळाली नव्हती. एक पाय अजून अधांतरी होता आणि तो थरथरायला लागला होता.

"दाजी," ईवो हळूच म्हणाला, "ती वाट बघतेय. सोडा तिला. ताई म्हणायची ते म्हणा."

एप्रिलपासून ते शब्द घरात कुणी उच्चारले नव्हते. ब्रीनाचा पाय आता जोरात हलत होता, तरी ती तो टेकेना.

"ये माझे बाई," तो म्हणाला. "गिळ एकदाचं."

घंटी वाजली आणि ब्रीना येऊन त्याच्या गुडघ्यांवर आदळली.

संध्याकाळी ओरेस्ते दोरी घेऊन दारात आला, तेव्हा ईवो टेबलाशी बसला होता आणि फोस्को वाडगा खाली ठेवत होता. त्यानं तळहात उभा धरला. कुत्री थांबली, आणि उंबऱ्यावर ओरेस्तेही थांबला.

"कुत्री द्यायची नाही," फोस्को म्हणाला. "बस. पोलेंता टाकलाय."

"कबूल केलं होतंस की!"

"केलं होतं. बस."

त्यानं कुत्रीला नेवियाच्या शब्दांत सोडलं. मग पाटावरचा मक्याचा घट्ट गोळा दोऱ्यानं कापून तीन ताटांत वाढला आणि स्वतःही जेवायला बसला. त्याला सडकून भूक लागली होती. दुसऱ्या घासाला रडू आलं. ईवोनं मान खाली घातली, ओरेस्ते दोरी गुंडाळत बसला, आणि फोस्को रडत रडत जेवत राहिला.