तारामतीबाईंचा घसा

राजनने वेलीवरचा मिऱ्यांचा हिरवा घोस तोडून तारामतीबाईंच्या तळहातावर ठेवला आणि चावून बघा म्हणाला, तेवढ्यात त्यांच्या पर्समधला फोन वाजला.

अंदमानातल्या त्या बेटावर राजनची सुपारीची बाग होती. झाडांवर मिऱ्याचे वेल चढवलेले, मध्येमध्ये जायफळ, दालचिनी. जयपूरची माघातली थंडी मागे टाकून सगळे इथे घामाघूम, पण खुशीत. मुलगा अभिनव, सून अमिता आणि नात सलोनी पुढे जायफळाखाली फोटोत गुंतले होते. मागे टोपी सारखी करत त्यांचे यजमान नागनाथराव उभे.

फोन सुलोचनाचा होता. जयपूरच्या मानसरोवर भागातल्या त्यांच्या मराठी मंडळात ती पेटीवर बसायची.

"ताई, घसा कसा आहे आता?"

"घसा?"

"नागनाथराव सांगत होते, आवाज पार बसलाय, म्हणून हवापालटाला नेतोय. जास्त बोलू नका तुम्ही. एवढंच सांगा, हार-बुक्का झाल्यावर आख्यानात शिरताना काय करायचं? संध्याकाळी कीर्तनाला तुमच्या जागी मलाच उभं केलंय हो सगळ्यांनी. हातपाय गार पडलेत."

तारामतीबाईंना क्षणभर काही उमजेना. मग एकदम सगळं उमजलं.

लहानपणी साताऱ्याला वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी पहिलं कीर्तन ऐकलं, तेव्हापासून ते वेड सुटलं नव्हतं. नवऱ्याच्या बँकेच्या बदल्या झाल्या, मुक्काम शेवटी जयपुरात पडला; तिथेही मंडळात कुणी बुवा आले की त्या मागे झांज घेऊन उभ्या. यंदा मंडळाच्या वर्धापनदिनाला त्या स्वतः नारदाच्या गादीवर उभ्या राहणार होत्या. पहिल्यांदाच. श्रावणापासून तयारी चालली होती. त्या म्हणायच्या, नागनाथराव मांडीवर ताल धरायचे. आणि एका संध्याकाळी तेच बाहेरून येऊन म्हणाले होते, हॉल मिळाला नाही गं, कीर्तन पुढच्या महिन्यात ढकललं. बाईंनी देवापुढे साखर ठेवून म्हटलं, बरं झालं, आणखी तालीम होईल. लगेच या सहलीची तिकिटं निघाली होती.

त्यांनी मागे पाहिलं. नागनाथरावांनी तो ‘घसा?’ ऐकला होता. त्यांनी नजरेनेच विनवलं, नको.

खरं सांगितलं असतं तर सुलोचना आज उभी राहिली नसती. आणि ठरलेलं कीर्तन आपल्यापायी मोडायचं, हे बाईंना मरणाहून वाईट. त्यांनी आवाज खाली आणला, इतका की बसलेलाच वाटावा.

"घाई करू नकोस. हार घातला की डोळे मिटून जरा उभी राहा, लोक आपोआप गप्प होतात. पहिलं वाक्य गायचं नाही, बोलायचं. आईनं लेकराला सांगावं तसं. आणि देव दारात येतो तिथे पेटी थांबवायला सांग. नुसते टाळ."

"ती तर तुमची जागा, ताई."

"आज तुझी."

फोन ठेवला आणि त्यांनी हातातले मिरे तोंडात टाकून चावले. डोळ्यांना धार लागली. राजन हसून म्हणाला, "तेज है ना, माताजी?"

जेवणं झाल्यावर जंगलातल्या पायवाटेने समुद्राकडे निघायचं होतं. वाटेवर झाडांची मुळं आडवीतिडवी पसरलेली. पोरं पुढे गेल्यावर बाई म्हणाल्या, "का केलंत?"

नागनाथरावांनी आधी अभिनवची रजा सांगितली, मग तिकिटं. सांगितलं असतं तर तू आली नसतीस, म्हणाले.

"नसतेच आले. मला विचारायचं होतंत."

ते वाटेवरचं एक मूळ ओलांडून पुढे गेले. मग म्हणाले, "बँकेतली माझी सगळी माणसं असतात तिथे, तारा. या वयात तू पदर खोचून उभी राहणार, हातवारे करणार. कुठे अडलीस तर मला बघवलं नसतं. घरात म्हणतेस ते गोड लागतं गं."

बाई थांबल्या. अडल्या असत्या तर पांडुरंगाने सावरलं असतं, याची त्यांना खात्री होती. मांडीवर ताल धरणाऱ्या माणसाला ती नव्हती, आणि हे त्यांना आज कळत होतं.

वळणावर सलोनी वाट पाहत उभी होती. आजीचा चेहरा बघून ती कावरीबावरी झाली. "आजी, सॉरी. मतलब, सगळ्यांनी सांगितलं, आजीला कीर्तनाचं बोलायचं नाही. सरप्राइज होतं ना."

म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि तिच्या पुढे निघाल्या.

किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. या बेटावर सूर्य लवकर बुडतो. सगळे खडकांवरून उतरून वाळूत आले. अभिनवने फोन काढला. "आई, एक अभंग म्हण ना. व्हिडिओ काढतो. मागे समुद्र काय दिसतोय."

तारामतीबाईंनी गळ्याला हात लावला, मान हलवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. पाहतच राहिल्या.

सून, मुलगा, नात तिघंही नागनाथरावांकडे बघू लागले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"हिचा घसा बसलाय," ते वाळूकडे बघत म्हणाले.

अभिनवने फोन खाली घेतला. अमिता उगाच पिशवीत काही शोधू लागली.

बाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि पाण्याच्या कडेने चालायला लागल्या. जयपुरात आता समया लागल्या असतील. मागून नागनाथरावांनी हाक मारली, मग पुन्हा एकदा, जरा हळू. बाईंनी साडीचा पदर कमरेला घट्ट खोचला आणि ओल्या वाळूवरून तशाच पुढे गेल्या.