बारा हातोड्यांची आळी

फाल्गुनातलं ऊन. तांबूस, तापट, तडतडतं ऊन. तांबटांच्या आळीत ते नुसतं उतरत नाही. घंगाळांच्या पाठींवर आपटतं, हंड्यांच्या कंठांवरून घसरतं, भिंतीभिंतींवर फुटतं. आणि त्या उन्हाला नाद आहे.

ठण्. ठण्. ठण्.

बारा घरं, बारा हातोडे. जेवणवेळ सोडून भरदिवसा एखाद्या घरचा हातोडा थांबला, की आळीनं समजावं, त्या घरातलं कुणीतरी गेलं.

दिगंबरचा हातोडा थांबला नव्हता.
गोंड्या गेला त्या दिवशीही नाही.

गोंड्या. चौदा वर्षांचा, कापूसकानांचा, काजळडोळ्यांचा कुत्रा. हातोड्याच्या तालावर झोपणारा. ताल तुटला की दचकून जागा होणारा. श्रावणात तो गेला. कुत्र्यासाठी कुणी काम थांबवतं का? आळी हसेल. म्हणून दिगंबर ठोकत राहिला. तांब्यावर वेडेवाकडे ठिपके उमटत राहिले, आणि मागच्या परसात त्याच्या बायकोने, वेणूने, एकटीने खड्डा खणला.

तेव्हापासून हात बेचैन. झोप बेचैन. उंबऱ्यापाशी पाऊल अजून जपून पडे, तिथे कुणी पसरलेलं नसताना.

आणि आता हा नवा.

भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या रेवतीने त्याला आणून सोडला. “भंगाराच्या गोदामात सापडला, काका. पत्र्यांखाली. तीन दिवस बघा. खाल्लं नाही तर मी परत नेईन, उपाशी नको मरायला.”

“पत्र्यांत वाढला?” दिगंबर खुलला. “म्हणजे आपल्यातलाच की!”

एक दिवस. दोन दिवस. आज तिसरा. राखरंगी, काटकुळं, कंपमय शरीर भात्याच्या मागे घुसलेलं. समोर दुधात कुस्करलेली भाकरी, वरून सुकलेली. ते थरथरे, तसा दिगंबर हातोडा हळुवार करी. आणखी संथ. आणखी सलग. अंगाईसारखा.

ठण्...

ठण्...

ते आणखी आत सरके.

“अहो,” वेणू कडाडली, “ते लेकरू मरायला टेकलंय, नि तुमची अंगाई संपेना!”

“गोंड्या याच तालावर झोपायचा.”

“तो गोंड्या होता! याला पत्रे बडवून बडवून हाकललंय लोकांनी. तुमचे कान गेले ते गेले, त्याचे तरी बघा.”

दिगंबरने पाहिलं.

ठोका पडला. दोन कान मानेला चिकटले. ठोका पडला. पोट आत ओढलं गेलं. ठोका पडला. डोळे मिटले, जणू पुढचा घाव तांब्यावर नाही, त्याच्यावरच पडणार.

हात वर गेला.
वरच राहिला.

क्षण. दुसरा क्षण. मग हातोडा मांडीवर उतरला, आणि घरात एक अनोळखी, उघडीनागडी शांतता शिरली.

शेजारचे वामनदादा धावत आले. धोतराचा सोगा हातात, चेहरा पांढरा. “दिगू! वेणू बरी आहे ना? कोण गेलं रे?”

दिगंबरच्या ओठांवर थट्टा आली. ती विरली.

“गोंड्या,” तो म्हणाला.

“अरे, तो तर श्रावणात...”

“हो. तेव्हा थांबलो नाही मी, दादा.”

वामनदादा हसले नाहीत. दारात उभे राहिले. मग सावकाश मागे फिरले. थोड्या वेळाने त्यांचा हातोडा थांबला. मग पलीकडचा. मग समोरचा. एकेक नाद मालवत गेला, एकेक भिंत निवत गेली, आणि भर दुपारी बाराही घरं मुकी झाली. वेणूने डोळ्यांना पदर लावला. दिगंबर रडला, सात महिने उशिरा, ओबडधोबड, मोठ्यांदा.

भात्यामागून एक नाक आलं. मग एक पाऊल. मग बाकीची भीती. सुकलेल्या भाकरीवरून जीभ एकदा फिरली, थबकली, पुन्हा फिरली. मग थांबलीच नाही.

खाऊन झाल्यावर त्याने दिगंबरच्या अनवाणी पावलावर गळा टेकला. कातडीखाली थरथर होती. जलद, अस्वस्थ, अखंड. दिगंबरने पाऊल हलवलं नाही. थरथर ओसरत गेली. मंद, मंदतर, आणि मग नुसता श्वास, उबदार, त्याच्या घोट्यावर येणारा, जाणारा, येणारा.