पलंग मांडणारी जोडी

बुआचानच्या डाव्या मनगटात पांढऱ्या दोऱ्यांचा नुसता गठ्ठा असायचा. कुणाचं बारसं, कुणाचा प्रवास, कुणाचं आजारपण, प्रत्येक वेळी आशीर्वादाचा दोरा बांधतात. बाकीच्या बायका तो दोन-चार दिवसांनी सोडून टाकत. ही बाई महिनोन्‌महिने ठेवायची. सावन्नाखेतच्या बाजारात लोक म्हणत, "बुआचान फार भाविक हो!" भाविक कसली डोंबलाची! त्या दोऱ्यांखाली काय असतं ते तिला ठाऊक, तिच्या नवऱ्याला ठाऊक आणि तिच्या लेकीला ठाऊक.

आज दोरे जरा जास्तच होते. भाचीच्या लग्नाला मेकोंग नदीपलीकडे, मुकदाहानला जायचं होतं. काल रात्री बॅग भरताना तिनं नवऱ्याचा निळा सदरा घ्यायचा तो पांढरा घेतला. एवढंच निमित्त. "परदेशात चाललोय आपण! चार लोकांत माझं हसं करायचंय का?" म्हणत सोमफोननं तिचं मनगट असं पिरगाळलं, की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आता परदेश म्हणायचा तो एका पुलाचा. पलीकडेही तीच बोली, तोच चिकट भात, तीच माशांची चटणी. बसमध्ये सोमफोन पुढच्या बाकावर घोरत होता आणि मागे विलाय आईला खेटून बसली होती. विलाय म्हणजे बुआचानची एकुलती एक लेक, पस्तिशीला आलेली, वेगळी खोली घेऊन राहणारी. लग्नाचं नाव काढलं की ताटावरून उठायची.

"आई, पलंग तुम्ही मांडणार म्हणे? तू आणि बाबा?"

"मालैनं तसं सांगितलंय."

"छान! मग गादीवर कोहळ्याऐवजी बाबांचा पट्टा ठेवा. तोच तर तुमचा आशीर्वाद."

"गप गं. ऐकतील."

"ऐकू देत की! तुझ्या तोंडाला कुलूप आहे, माझ्या नाही."

मालै म्हणजे बुआचानची धाकटी बहीण, या बाजूला दिलेली. तिची पोर दाओ, तिचं आज लग्न. वधूवरांचा पलंग मांडायला एक जोडपं लागतं. दोघं हयात हवेत, दोघांचं पहिलंच लग्न हवं, पोरंबाळं हवीत आणि वर्षानुवर्षं एका छपराखाली काढलेली हवीत. मालैचा नवरा वारलेला आणि मुलाच्या आईबापांची कधीच फारकत झालेली. मग उरलं कोण? वर्षं किती झाली हे सगळे विचारतात. छपराखाली काय चाललं होतं, हे विचारायचं एवढ्या पिढ्यांत एकालाही सुचलं नाही, कमाल आहे की नाही!

सकाळी ढोल वाजवत, नाचत वरात आली. मुलगा, थानित, हसरा आणि देखणा होता. बायकांनी सोन्याची साखळी धरून दार अडवलं, तर यानं गमतीजमती करून सगळ्यांना खिशात टाकलं. बुआचानलाही आवडला. सोमफोनही लग्नात असाच हसरा होता, हे तिला मागाहून आठवलं.

भिक्खूंचं पठण झालं आणि मनगटात दोरे बांधायला पाहुण्यांची रांग लागली. बुआचानची पाळी आली. दाओची लेसची बाही पार तळव्यापर्यंत होती. दोरा नीट बांधावा म्हणून बुआचाननं ती वर सारली आणि तिचे हात जागच्या जागी थांबले. मनगटावर चार बोटं आणि एक अंगठा, निळेजांभळे उमटले होते. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. तिला कसं कळणार नाही?

"हे काय गं?"

"गाडीच्या दारात सापडला हात, मावशी."

अगदी हेच उत्तर बुआचाननं आपल्या बहिणीला कितीदा दिलं होतं. फक्त गाडीऐवजी खिडकी असायची. जेवणाची गडबड सुरू होताच तिनं दाओला न्हाणीघरामागे गाठलं.

"पोरी, अजून वेळ गेलेली नाही. पाया पडते तुझ्या, मोड हे."

दाओनं मान खाली घातली नाही. उलट मावशीच्या दोऱ्यांवरून हळूच बोट फिरवलं.

"लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे यायचे ना मी. दाराआडून सगळं बघितलंय, मावशी. काका मारायचे आणि तू सकाळी उठून भात शिजवायचीस. जसं काही झालंच नाही. म्हणून तर आईला मीच म्हटलं, पलंग मावशीच मांडेल. तू निभावलंस. मग मलाही जमेल."

बुआचानला वाटलं, कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं ती समजत होती की आपण मूग गिळून बसलो त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. आणि ही पोर दाराआड उभी राहून शिकत होती.

दुपारी मुहूर्तावर सगळे वरच्या खोलीत जमले. नवी कोरी गादी होती. उशाशी वरवंटा, कोहळा, तीळ, मूग आणि पावसाच्या पाण्याचा वाडगा मांडलेला. एका कोपऱ्यात मालैनं धरून ठेवलेलं मांजर सुटायची धडपड करत होतं. मन वरवंट्यासारखं भारी असावं, कोहळ्यासारखं थंड असावं, आणि मांजरासारखा घराचा लळा लागावा. सोमफोननं चादर झटकली, बुआचाननं कोपरे खोचले आणि रीतीप्रमाणे दोघं गादीवर आडवे झाले.

"वा! काय झोप लागेल इथं!" सोमफोन छताकडे बघत मोठ्यानं म्हणाला. "आमच्यासारखाच सुखाचा संसार होणार बघा पोरांचा!"

सगळे हसले. आता बायकोनं बोलायचं असतं. बुआचाननं मान दाराकडे वळवली. दाओ दारात उभी राहून तिच्याकडेच टक लावून बघत होती. सोमफोननं हसतमुखानं बायकोचं मनगट पकडलं, नेमकं दुखतं तिथंच.

"बोल की."

बुआचान उठून बसली. दाओच्या डोळ्यांत बघत तिनं मनगटावरचे दोरे दातांनी तोडायला घेतले, एकामागून एक. सगळे दोरे गादीवर पडल्यावर तिनं हात वर धरला.

"आमच्यासारखा नको!" ती ओरडली. "हा बघा आमचा सुखाचा संसार. हा कालचा आहे. याच्या आधीचे मोजायला माझं आयुष्य पुरायचं नाही. तिचाही हात बघा, बाही वर करा तिची! बघा ना, कुणीतरी बघा!"

कुणी बघितलं नाही. मालैच्या हातातून मांजर सुटलं आणि खिडकीबाहेर गेलं, त्याच्याकडे मात्र सगळ्यांनी बघितलं. थानितनं दाओच्या खांद्यावर हात ठेवला. दाओनं स्वतःच बाही खाली ओढली.

"ऊन बाधलंय ताईला," मालै घाईघाईनं म्हणाली. "प्रवासाची दगदग. भाऊजी, तिला खाली न्या हो. आणि कुणीतरी समोरच्या वाणीकाका-काकूंना बोलवा, मुहूर्त टळतोय!"

गादीवरचे दोरे झाडून टाकले. चादर बदलली. बुआचान खाली जिन्यापाशी बसली होती. वाणीकाकू वरती न अडखळता खणखणीत आवाजात आशीर्वाद म्हणत होती, आणि सगळे हसत होते, अगदी पहिल्यासारखे.

सोमफोन तिच्यासमोरून जाताना थांबला. "घरी चल. मग सांगतो," एवढंच म्हणाला आणि बिअर प्यायला गेला.

"घरी नाही जायचं," विलायनं आईच्या पाठीवर हात ठेवला. "माझ्या खोलीवर चल. आजपासून तिथंच. येशील ना?"

बुआचाननं मान हलवली. हो म्हणाली की नाही, तिचं तिलाच कळलं नाही. तिचा सगळा जीव जिन्याकडे लागला होता. दाओ खाली येईल, ती मनाशी म्हणत होती. एवढं सगळं ऐकलंय पोरीनं. खाली येईल.

आणि दाओ खरंच आली. संध्याकाळच्या मेजवानीसाठी कपडे बदलून आली होती, बिनबाह्यांचा गुलाबी झगा. इकडेतिकडे बघत ती मावशीच्या पायाशी बसली. विलायनं उठून बॅग उचलली.

दाओनं मुठीतून पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी काढली, मावशीच्या मांडीवर ठेवली आणि हात पुढे केला.

"लोकांनी बांधलेत तेवढ्यांनी झाकलं जात नाहीये," ती म्हणाली. "तुला येतं ना व्यवस्थित. बांध गं, पाहुणे यायला लागलेत."

"दाओ..."

"मावशी, रागावून नाही म्हणत. पण वर आई रडतेय. आता कुठं जाऊ मी? बांध."

विलाय काहीतरी बोलली, ते बुआचानला ऐकू आलं नाही. तिनं दोरा तोडला. पहिला वेढा हाडाच्या वर, दुसरा त्याला चिकटून, तिसरा अंगठ्याच्या डागावर. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, तरी तिच्या बोटांना बघावं लागत नव्हतं. बोटांना सगळं पाठ होतं.

"हळू गं," दाओ म्हणाली. "तिथंच दुखतंय."