समज आणि कर

माझं डोकं लवकर तापतं, हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी ते तापलं नसतं, तर माझी आठ महिन्यांची मेहनत मातीत गेली असती.

काम होतं आणीबाणीच्या गाड्यांच्या केंद्राचं. कुठली गाडी कुठे उभी आहे, हे पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम लिहायचा. रुग्णवाहिका, बंब, टँकर, सगळ्यांना मी एकाच तक्त्यात बसवलं होतं. मूळ वर्ग 'गाडी', बाकीचे तिचे उपवर्ग, आणि कोण कोणता ते सांगायला 'प्रकार' नावाचा रकाना. फॉर्मही एकच, गाडीचा. आमचे वरिष्ठ, ज्यांना अख्खं ऑफिस मागून घाईसाहेब म्हणतं, पहिल्यापासून नाक मुरडायचे. "तुमचं हे एकत्र कुटुंब एक दिवस अंगाशी येईल!"

त्या दिवशी सकाळी अकराला केंद्रात चाचणी होती. ती फसली तर माझी रचना मोडीत निघणार आणि केंद्र पुन्हा जुन्या वहीवर जाणार. त्यात तिथे फोन घेणारी बाई म्हणजे माझी सख्खी मावशी.

साडेनऊला रुग्णवाहिकेची नोंद उघडली, तर पडद्यावर चूक. प्रोग्राम रुग्णवाहिकेचा वेगळा फॉर्म शोधत होता, आणि तो मी केलाच नव्हता. उपाय सोपा होता. फॉर्मपुरती तिला 'गाडी' समज, एवढंच प्रोग्रामला सांगायचं. मी खुर्ची ओढेपर्यंत घाईसाहेबांनी ती ओळ लिहूनही टाकली. फॉर्म उघडला, टाळ्या पडल्या. मी ओळ वाचली नाही. चुकलंच माझं.

अकराला मावशीने चार रुग्णवाहिकांची जागा बदलली आणि रुग्णवाहिकांची यादी उघडली. चारही गायब.

"अगं, माझ्या गाड्या गेल्या कुठे?"

केंद्रप्रमुखांनी जुनी वही पुढे ओढली. "मी म्हणालोच होतो," घाईसाहेब सुरू झाले, "हे एकत्र कुटुंब..."

"साहेब, दोन मिनिटं गप्प बसा!"

मी तक्ता उघडला. चारही नोंदी जागेवर होत्या, फक्त 'प्रकार' कोरा. मग ती ओळ पाहिली. आज्ञेच्या शब्दापुढे एक उद्गारचिन्ह! आमच्या कामात ते चिन्ह नुसतं शोभेचं नसतं. ते नसेल तर अर्थ होतो 'गाडी समज'. असेल तर 'गाडी कर', आणि नुसत्या गाडीचा 'प्रकार' कोराच असतो. साहेबांनी घाईत चारही रुग्णवाहिकांची ओळखच पुसून टाकली होती.

मी चिन्ह खोडलं, चारही रकाने भरले. यादीत चौघी परत आल्या. मावशीने लगेच पाचवीची जागा बदलली. ती टिकली. सहावी, सातवी, बंब, टँकर, सगळं टिकलं!

इतक्यात फोन वाजला. एका माणसाच्या छातीत कळ येत होती. मावशीने यादी पाहिली. सगळ्यात जवळ होती ती नुकत्याच परत आलेल्या चौघींपैकीच एक. तिने तिलाच पाठवलं. सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले. घाईसाहेबसुद्धा.

सहा मिनिटांनी चालकाचा आवाज आला. "पोचलो. माणूस शुद्धीवर आहे, घेऊन निघालो."

मावशीने हेडफोन काढला आणि सगळ्यांदेखत माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

"पोरी, जिंकलीस गं!"

आणि मी, साहेबांना गप्प बसवणारी, तिच्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडले.